नाव नोंदवलंय, आता सोबत काय नेऊ?

‘सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आलाय. रविवारी सकाळी दहाला हॉलमध्ये जमायचं, घरातली बंद पडलेली गॅजेट्स आणायची आणि मिळून खोलून बघायची. जावंसं फार वाटतंय, पण मला यातलं काही कळत नाही. गेलं तर चालेल का?’ या आशयाचे प्रश्न वाचकांकडून सतत येतात. त्यांच्या पाठोपाठ ठरलेले उपप्रश्नही असतात. बंद मिक्सर न्यायचा का? तिथं आणखी बिघडला तर भरपाई कोण देणार? वॉरंटी जाते का? मोबाइल अनोळखी माणसाच्या हातात द्यावा का? आठवीतल्या मुलीला नेलं तर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: जरूर जा. इंजिनिअर असण्याची अट कुठेही नसते. मात्र जाण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्या. ही बैठक म्हणजे सर्व्हिस सेंटर नव्हे. वस्तू काउंटरवर ठेवली, पावती घेतली आणि संध्याकाळी येऊन घेऊन गेलो, असा हा व्यवहार नसतो. वस्तू तुमची, तिचे स्क्रू काढणार तुम्ही, आणि शेजारी बसून सांगणारा जाणकार स्वखुशीनं आलेला. हे एकदा लक्षात आलं, की काय न्यायचं, काय नाही आणि कुठे थांबायचं ते ठरवणं सोपं जातं.

या बैठका कशा असतात

मार्टिन पोस्टमा या डच महिलेनं २००९ साली अॅमस्टरडॅममध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला आणि ती पद्धत जगभर गेली. भारतात बंगळुरूमध्ये २०१५ पासून असे कॅफे भरू लागले. आपल्याकडे ही वृत्ती त्याआधीपासून आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो हातानं काम करत शिकण्यासाठीच. तिथं २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, आली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी ती एक. मुंबईत सुरू होऊन पुढे गोव्यात गेलेलं ‘मेकर्स असायलम’ हे सामूहिक कार्यशाळेचं ठिकाणही याच वाटेवरचं.

तुम्हाला निरोप आलेली बैठक बहुधा यांपैकी एका प्रकारची असेल:

- दुरुस्तीची बैठक. इस्त्री, मिक्सर, रिमोट, रेडिओ, टेबलफॅन. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.
- नवं काही बनवण्याची बैठक. आर्डुइनो, ईएसपी-३२, रास्पबेरी पाय असे छोटे बोर्ड, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर.
- जुन्या संगणकांची बैठक. इथं मुख्यतः विंडोजऐवजी लिनक्स वापरणारे भेटतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ न चालणारे लॅपटॉप घराघरांत पडून आहेत. त्यामुळे या टेबलावर सध्या गर्दी असते.

नाव नोंदवतानाच आयोजकांना चार गोष्टी विचारा: टेबलावर मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन आहे का? विजेवर चालणाऱ्या वस्तू तपासायची सोय आहे का? सुटे भाग कोण आणणार? आणि एका माणसानं किती वस्तू आणायच्या? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं तरी तुम्ही एकच वस्तू न्या. तीन वस्तू नेल्या, तर तिन्ही अर्धवट उघडून पिशवीत भरून आणायची वेळ येते.

आधी घरी एवढं तपासा

बैठकीला येणाऱ्या बऱ्याच वस्तू मुळात बिघडलेल्याच नसतात. म्हणून या तपासण्या निघण्याआधीच उरका.

मिक्सर मध्येच बंद पडला असेल, तर प्लग काढा, भांडं बाजूला ठेवा आणि मिक्सर उलटा करून तळाशी बघा. बहुतेक मिक्सरना तिथं एक छोटं, अनेकदा लाल रंगाचं बटण असतं. ते ओव्हरलोडचं बटण. घट्ट चटणी किंवा जास्त डाळ टाकली, की मोटर जळू नये म्हणून ते स्वतःहून सुटतं. मोटर निवायला दहा-पंधरा मिनिटं द्या, बटण आत दाबा आणि रिकाम्या भांड्यानं चालवून बघा. सुरू झाला तर प्रश्न संपला. पण बटण वारंवार सुटत असेल किंवा जळकट वास येत असेल, तर मिक्सर जरूर न्या.

टीव्हीचा रिमोट चालत नसेल, तर मोबाइलचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरा आणि एखादं बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश स्क्रीनवर फिकट जांभळा किंवा पांढरा लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फी कॅमेऱ्यात बघा, कारण मागच्या कॅमेऱ्यात अनेकदा हा प्रकाश अडवणारी काच असते. एका बटणाला प्रकाश दिसतो आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे रिमोट शाबूत आहे आणि त्या बटणाखालचा काळा रबरी ठिपका मळला किंवा झिजला आहे. कुठल्याच बटणाला प्रकाश नसेल, तर आधी सेल बदला आणि सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली आहे का ते बघा. ही भुकटी गळलेल्या सेलची असते. अल्कलाइन सेलची असेल, तर व्हिनेगरमध्ये किंचित बुडवलेल्या कापसाच्या काडीनं निघते. मग कोरडं पुसून घ्या.

आणि कुठलीही वस्तू ‘बंद’ ठरवण्याआधी ती दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा. हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगावं लागतं.

काय न्यावं, काय घरीच ठेवावं

पहिल्या खेपेला न्यायला चांगल्या वस्तू म्हणजे रिमोट, सेलवरची खेळणी, बॅटरीवरचा रेडिओ, हेडफोन, भिंतीवरचं घड्याळ, यूएसबीवर चालणारा दिवा किंवा पंखा. यांत व्होल्टेज कमी असतं. चूक झाली तरी फार तर वस्तू जाते, माणसाला इजा होत नाही. पहिल्या दिवशी हे महत्त्वाचं.

एलईडी बल्बही शिकायला फार चांगला. अनेक बल्बांचं वरचं झाकण काळजीपूर्वक काढलं, की आत अॅल्युमिनियमच्या चकतीवर पिवळ्या टिकल्यांसारखे एलईडी दिसतात. ते एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात. त्यांतल्या एखाद्यावर बारीक काळा ठिपका असतो. तो एक गेला, म्हणून सगळा बल्ब विझलेला असतो. बल्ब का बंद पडला ते उघड्या डोळ्यांना दिसणं, हा अनुभव मुलांना तर घ्यायलाच हवा. काही जण तो एलईडी काढून ती जागा जोडून टाकतात आणि बल्ब पेटतो. मात्र उरलेल्या एलईडींवर भार वाढतो आणि असा बल्ब फार काळ टिकेलच असं नाही. शिवाय पेटलेल्या उघड्या बल्बच्या चकतीला हात लावणं म्हणजे थेट मेन लाइनला हात लावण्यासारखंच समजा. झाकण काढून बघण्यापर्यंतच थांबलात तरी पुष्कळ शिकाल.

या वस्तू मात्र नेऊ नका, आणि कुणी ‘बघू या’ म्हटलं तरी उघडू देऊ नका:

- मायक्रोवेव्ह. आतल्या कॅपॅसिटरवर दोन हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो आणि प्लग काढल्यावरही तो शिल्लक राहतो. यात जीव जाऊ शकतो.
- जुना डबा टीव्ही किंवा डबा मॉनिटर. कारण तेच.
- घरचा इन्व्हर्टर आणि यूपीएस.
- फुगलेल्या बॅटरीचा फोन, पॉवर बँक, इअरबड्सची डबी.
- फ्रिज आणि एसी. नव्या फ्रिजपैकी अनेकांत पेट घेणारा वायू असतो.
- गॅस गीझर, किंवा गॅसची जोडणी असलेलं काहीही.
- बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, श्रवणयंत्र, नेब्युलायझर. ती सुरू होतीलही, पण आकडा बरोबर दाखवतात की नाही, हे त्या टेबलावर तपासता येत नाही.

पिशवीत काय असावं

वस्तूसोबत तिचा चार्जर किंवा अॅडॉप्टर न्या. चार्जरच खराब निघण्याची शक्यता मोठी असते आणि तो घरी राहिला तर अख्खी सकाळ वाया जाते. बिल असेल तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. जुना टूथब्रश, कापसाच्या काड्या, मास्किंग टेप, बारीक टोकाचं पेन आणि झाकणाचे दोन-तीन छोटे डबे घ्या. स्क्रूड्रायव्हरचा बारीक टोकांचा संच असेल तर उत्तम, नसेल तर लगेच विकत घेऊ नका. तिथं चार प्रकारचे संच हाताळून बघा आणि मग ठरवा.

सुती कपडे आणि पाय पूर्ण झाकणारी चप्पल किंवा बूट घाला. सोल्डरचा वितळलेला थेंब पायावरच पडतो. ओढणी, सैल बाही, मोकळे केस बांधून ठेवा. अंगठी आणि धातूचं कडं घरीच काढून ठेवा.

सुटे भाग आधीच आणायचे असतील, तर मुंबईकरांना ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आणि पुणेकरांना बुधवार पेठेतला पासोड्या विठोबा, तपकीर गल्लीचा परिसर ठाऊक आहेच. पण माझा सल्ला असा, की बैठकीआधी खरेदी करू नका. आधी बिघाड सापडू द्या. मग जुना भाग खिशात घालून दुकानात जा आणि ‘असाच द्या’ म्हणा. भागाचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही.

टेबलावर बसल्यावर

तुमचा नंबर लागला, की वस्तू कुणाच्या हाती सोपवून चहाला जाऊ नका. खुर्ची ओढून शेजारी बसा. ‘बंद पडलाय’ एवढंच सांगू नका. कधीपासून, काय करत असताना, आवाज आला का, वास आला का, आधी कुणी उघडला होता का, हे सांगा. ‘पावसात खिडकीजवळ होता’ या एका वाक्यानं जाणकाराचा अर्धा तास वाचतो.

मग या क्रमानं चला:

१. प्लग काढलेला आहे, सेल किंवा बॅटरी सुटी केली आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

२. उघडण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. मग प्रत्येक थर उघडल्यावर पुन्हा फोटो. कोणती वायर कुठे होती, ते दोन तासांनी आठवत नाही.

३. स्क्रू ज्या क्रमानं निघतात, त्या क्रमानं मास्किंग टेपवर चिकटवा आणि शेजारी जागा लिहा: ‘वर डावीकडे’, ‘हँडलखाली’. सगळे स्क्रू एकाच वाटीत टाकण्याची सवय फार महागात पडते. लॅपटॉप आणि मोबाइलमध्ये स्क्रूची लांबी जागेनुसार वेगळी असते. आखूड स्क्रूच्या जागी लांब पिळला, तर तो खालच्या बोर्डात घुसतो आणि चांगला बोर्ड कायमचा जातो.

४. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका. एखादा स्क्रू स्टिकरखाली, रबरी पायाखाली किंवा सेलच्या कप्प्यात दडलेला असतो. सगळे स्क्रू निघाल्याची खात्री झाल्यावरच कडेच्या खाचा सोडवा. त्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड वापरा, स्क्रूड्रायव्हर नको.

५. आधी नुसतं बघा. तुटलेली वायर, सोल्डरचा सुटलेला डाग, फुगलेला कॅपॅसिटर, काळवंडलेली जागा, झुरळांची घाण. बरेच बिघाड मीटर लावण्याआधीच दिसतात.

६. मग मीटर. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून वायरीची दोन टोकं तपासायला पाच मिनिटांत शिकता येतं. इस्त्रीची वायर बहुतेकदा प्लगपाशी किंवा मुठीपाशी, जिथं सतत वाकते तिथंच आतून तुटते. बीप ऐकत ऐकत वायर हळूहळू वाकवा. आवाज तुटला ती जागा सापडली. मीटर बीपवर असताना वस्तूचा प्लग कधीही सॉकेटमध्ये नसावा.

जाणकारानं भराभर हात चालवायला सुरुवात केली, तर थांबवायला संकोचू नका. ‘जरा हळू सांगता का, मला करून बघायचंय’ हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्यासाठीच तुम्ही आलात. आणि प्रश्न मराठीत विचारा. अशा ठिकाणी सगळं इंग्रजीतच चालतं, या धास्तीनं अनेक जण मागच्या खुर्चीवर गप्प बसतात. भागांची नावं इंग्रजी असतील, पण ‘ही वायर इथं का आलीय?’ हा प्रश्न कुठल्याही टेबलावर चालतो.

डाग देताना

सोल्डरिंग बिटचं टोक साडेतीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं. पेटलेली गन टेबलावर आडवी ठेवू नका, दरवेळी स्टँडमध्येच परत ठेवा. आधी जोडायची जागा तापवा आणि मग सोल्डरची तार त्या जागेला लावा, बिटला नव्हे. सोल्डर पाण्यासारखा पसरून चकाकला तर डाग पक्का. मण्यासारखा गोळा होऊन बसला तर कच्चा, तो पुढे सुटतो. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. म्हणून काम झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय वडापावाला हात लावू नका. धूर येतो तो मुख्यतः फ्लक्सचा, पण तोही छातीत भरून घेण्यासारखा नाही. खिडकीजवळची जागा धरा.

विजेशी गाठ आहे

आपल्याकडचा घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. चार्जर, अॅडॉप्टर, टीव्ही, एलईडी दिवा यांच्या आत तो डीसीमध्ये बदलताना सव्वातीनशे व्होल्टपर्यंत जातो आणि मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठून राहतो. म्हणजे प्लग काढला, तरी धोका तिथंच असू शकतो. मीटरनं कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज तपासल्याशिवाय आतल्या बोर्डाला बोट लावू नका. कॅपॅसिटर स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ‘रिकामा’ करणारे लोक भेटतील. ठिणगी उडते, बोर्ड जातो, डोळ्यालाही इजा होऊ शकते. तुम्ही ते करू नका.

दुरुस्त केलेली वस्तू पहिल्यांदा लावताना ती थेट सॉकेटमध्ये लावली जात नाही ना, ते बघा. जाणती इलेक्ट्रिशियन मंडळी सिरीज लॅम्प वापरतात, म्हणजे साधा तारेचा बल्ब वस्तूच्या आधी सिरीजमध्ये जोडलेला बोर्ड. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रखर पेटतो आणि तेवढ्यावर भागतं, फ्यूज उडत नाही. ज्या बैठकीत सिरीज लॅम्प आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेला बोर्ड आहे, तिथले आयोजक काम गांभीर्यानं घेतात असं खुशाल समजा. जिथं एका एक्स्टेन्शनला दुसरं आणि त्याला तिसरं जोडलंय, तिथं फक्त सेलवरच्या वस्तू उघडा. आरसीसीबी आहे म्हणून बेफिकीरही होऊ नका. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, तर तो वाचवू शकत नाही.

मोबाइल उघडणार असाल, तर बॅटरी २५ टक्क्यांखाली उतरवून न्या. भरलेल्या लिथियम बॅटरीला टोचलं गेलं, तर ती जास्त जोरानं पेटते. बॅटरी चिकटवलेली असते. ती धातूच्या पट्टीनं उचकटू नका.

फोन आणि लॅपटॉप नेताना

तुमचा फोन म्हणजे तुमची बँक. त्यामुळे इथं भिडस्तपणा नको.

- आदल्या रात्री बॅकअप घ्या. टेबलावर बसून घेऊ म्हटलं तर घेतला जात नाही.
- सिम आणि मेमरी कार्ड काढून स्वतःजवळ ठेवा. यूपीआय सिमशी बांधलेलं असतं.
- स्क्रीनचा पिन कुणालाही सांगू नका. उघडायची वेळ आली तर स्वतः उघडा.
- सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो सुरू केला, की फोटो आणि मेसेज झाकले जातात.
- अनोळखी माणसाच्या लॅपटॉपला आपला फोन किंवा पेनड्राइव्ह जोडण्याआधी विचार करा. तिथून कुठली फाइल घेऊन आपल्या कामाच्या संगणकावर चालवायची तर दोनदा विचार करा. ऑफिसचा लॅपटॉप तर नेऊच नका.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं असेल, तर आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, कॅमेरा आणि मराठी टायपिंग चालतंय का ते कळतं. मात्र त्याआधी विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणारं ‘बिटलॉकर’ सुरू आहे का ते तपासा आणि असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि की नसेल तर फोटो-कागदपत्रं डिस्कवर असूनही मिळत नाहीत.

आर्डुइनोच्या टेबलावर नवखे कुठे अडतात

सगळ्यात जास्त वेळ खाते ती यूएसबी केबल. मोबाइलसोबतच्या काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही. बोर्डवरचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला बोर्ड दिसत नाही आणि माणूस तासभर सॉफ्टवेअर बदलत बसतो. आधी केबल बदला. तरी दिसला नाही, तर ड्रायव्हर बघा. स्वस्त बोर्डांवर अनेकदा ‘सीएच-३४०’ नावाची चिप असते आणि काही संगणकांवर तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो.

दुसरी अडचण व्होल्टची. आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर चालतो, ईएसपी-३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या. उनोवर चाललेला सेन्सर तसाच ईएसपी-३२ ला जोडला, तर पिन जाऊ शकते. एलईडी जोडताना सोबत २२० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर हवाच. आणि रिले घेऊन घरचा दिवा मोबाइलवरून लावायचा मोह पहिल्या दिवशी टाळा.

लांब पल्ल्याचे ‘लोरा’ रेडिओ मॉड्यूल घेणार असाल, तर भारतासाठीचा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा बघून घ्या. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल अमेरिकेसाठी असतात, ते इथं लावू नका.

वॉरंटी, पैसे आणि तुमचे हक्क

वस्तू वॉरंटीत असेल तर बैठकीला नेऊ नका, हा नियमच करा. सील तुटलं किंवा बाहेरच्या माणसानं उघडली, की वॉरंटी रद्द, अशी अट बहुतेक वॉरंटी कार्डांवर असते. आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. तिथं वस्तू देताना जॉबशीटवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, अंदाजे खर्च लेखी मागा आणि बदललेला जुना भाग परत मागा.

‘दुरुस्तीचा हक्क’ असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून नाही. पण केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यावर मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची अवजारं या क्षेत्रांतल्या सहभागी कंपन्यांची दुरुस्ती, वॉरंटी आणि सुट्या भागांची माहिती एकत्र मिळते. बैठकीआधी आपल्या वस्तूचं मॅन्युअल तिथं शोधा.

आता भरपाईचा प्रश्न. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मोफत दिलेली सेवा ही कायद्याच्या व्याख्येतली ‘सेवा’ नाही. म्हणजे स्वयंसेवकानं फुकट मदत करताना तुमचा रेडिओ बिघडला, तर ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. म्हणूनच सुरुवातीला सांगितलं, की स्क्रू तुमच्या हातानं काढा. जी वस्तू गेली तर जीव तुटेल, ती नेऊ नका. आजोबांचा रेडिओ असेल, तर तो ओळखीच्या जुन्या कारागिराकडे न्या.

पण तिथंच कुणी पैसे घेऊन काम करत असेल, तर गोष्ट बदलते. ती सेवा झाली. मग बिल मागा. नुसत्या तोंडी शब्दावर वस्तू घरी नेऊ देऊ नका. बिघाड झाला आणि दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

मोफत बैठकीतही सुट्या भागांचे पैसे तुम्हीच द्यायचे असतात. चहा-वीजखर्चासाठी डबा ठेवलेला असेल, तर त्यात यथाशक्ती टाका.

इथं हात आखडता घ्या

खोलून बघण्याच्या उत्साहात काही गोष्टी कायद्याच्या पलीकडे जातात. शेजाऱ्याच्या किंवा कॅफेच्या वायफायमध्ये परवानगीशिवाय घुसून बघणं, ‘फक्त शिकायला’ असलं तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येऊ शकतं. कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तपासणी शिकायची असेल तर स्वतःच्या राउटरवर शिका. मोबाइलचा आयएमईआय हा ओळखक्रमांक बदलणं गुन्हा आहे. मोबाइल जॅमर बनवणं नकोच. एफएम ट्रान्समीटरचं किट गमतीचं वाटतं, पण परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही. रेडिओची आवड असेल, तर परीक्षा देऊन हौशी रेडिओचा (हॅम) परवाना काढा, तो छंद आयुष्यभर पुरतो.

जुना फोन विकत घ्यायचा किंवा सुट्या भागांसाठी कुणी देऊ केला, तर ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आयएमईआय तपासा. तो चोरीचा निघाला तर मनस्ताप तुमच्या वाट्याला येतो.

मुलांना नेताना

न्या, पण सोडून येऊ नका. आठवीच्या मुलीला मल्टिमीटर उत्तम जमतो. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिनं आर्डुइनो आधीच हाताळला असेल आणि ती तुम्हालाच शिकवेल. सोल्डरिंग मोठ्यांच्या देखरेखीखाली आणि गॉगल लावूनच. मेन लाइनवरच्या वस्तू मुलांनी उघडू नयेत. मुलांचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी विचारा, असं आयोजकांना स्पष्ट सांगा.

दुरुस्त झालं नाही तर

पुष्कळदा होणार नाही. भाग मिळत नाही, वेळ संपतो, कंपनीनं सगळं चिकटवून टाकलेलं असतं. अशा वेळी निकामी वस्तूतली मोटर, स्विच, स्प्रिंगा, चांगली वायर काढून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडतात. उरलेलं ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार वापरून झालेल्या वस्तूंचा नीट निपटारा होईल हे बघण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे कंपनीकडे संकलनाची सोय विचारा किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला द्या. लिथियम बॅटरी वेगळी ठेवा आणि तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

गावात अशी बैठक नसेल तर

तुम्हीच भरवा. वाचनालयाची खोली, शाळेचा वर्ग किंवा गणेश मंडळाची जागा पुरते. तीन टेबलं, भरपूर उजेड, उघड्या खिडक्या, सुस्थितीतला एक वीजबोर्ड, वाळूची बादली आणि प्रथमोपचाराची पेटी, एवढी तयारी हवी. गावातल्या निवृत्त वायरमनला, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराला आणि आयटीआयच्या निदेशकांना आधी भेटा. दुकानदाराला वाटेल, की आपलं गिऱ्हाईक तोडायला निघालेत. त्यांना सांगा, की ज्या वस्तू लोक दुकानात नेतच नाहीत, माळ्यावर टाकतात, त्याच इथं येणार आहेत, आणि टेबलावर न जमलेलं काम त्यांच्याकडेच जाईल.

पहिल्या दिवशी मेन लाइनवरच्या वस्तू घेऊ नका. दाराशी एक वही ठेवा: नाव, वस्तू, तक्रार, काय सापडलं, काय केलं. पाच-सहा वस्तू आल्या तरी पुष्कळ. उठण्यापूर्वी वहीतले न सुटलेले बिघाड वाचून दाखवा, कोणता भाग कोण आणणार ते ठरवा आणि पुढच्या बैठकीची तारीख तिथंच फळ्यावर लिहा.